कोटाची पाठ

मेलेल्या माणसाचे कपडे पाठीकडून उघडे असतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. शवपेटीतला माणूस आपण समोरून बघतो. कॉलर ताठ, बटणं लावलेली, बाह्यांना इस्त्रीची धार. पाठीला मात्र कापडच नसतं. मानेशी एक नाडी, कमरेशी एक, आणि कडा कुशीखाली खोचून दिलेल्या. आखडलेल्या हातांवर बाह्या चढवायला ते सोपं जातं, शिवाय कापड वाचतं. धंद्याची रीतच ती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शिवणबाईला वाटलं.

पेटीवाल्याच्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा ऐन विशीत होती. दुकान म्हणजे एकामागे एक अशा तीन खोल्या. रस्त्याच्या बाजूला तयार पेट्या, मधे सुतारकाम आणि मागे खिडकीशी शिवणयंत्र. पेटीला आतून लावायचं अस्तर, डोक्याखालची उशी, आणि ज्यांच्या घरी धड कपडे नसतात किंवा आजारपणात ज्यांना आपलेच कपडे ढगळ झालेले असतात, त्यांच्यासाठी नवा जोड, एवढं तिचं काम. पहिल्याच आठवड्यात तिने शिवलेला सदरा पेटीवाल्याने उलटा करून पाहिला आणि बघतच राहिला.

"हे काय? पाठ कशाला लावलीस?"

"माणसाला पाठ असते."

"अगं, पण ती तळाला टेकलेली. कोण बघायला येतंय?"

"आज नाही कोणी येत. पण उठतील तेव्हा?"

पेटीवाला तेव्हा नुकताच बापाच्या जागेवर बसला होता. ही पोरगी आपली फिरकी घेतेय, असं त्याला वाटलं. पण ती सुईत दोरा ओवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"शेवटचा कर्णा वाजणार, कबरी उघडणार, हे सगळे बाहेर येणार," ती म्हणाली. "समोरून बघावं तर साहेब, आणि वळले की? त्या दिवशी देवासमोर जायचं, का पाठ टेकायला भिंत शोधायची?"

मधल्या खोलीत सुतार फळीवर रंधा मारत होता. तो इतका हसला की रंधा फळी सोडून भलतीकडे गेला. पेटीवाल्याने त्याला दोन शब्द सुनावले. त्या हसण्यातूनच पुढे लग्न जमलं. सुतार नंतर सगळ्यांना सांगायचा, "हिने मला पाठ दाखवली नाही, तिथेच मी फसलो."

पाठ लावायची तर कापड जास्त लागणार. तिने त्यावर तोड काढली. खिसे रद्द केले. "तिथे काय न्यायचंय बरोबर?" काज मात्र खरे करायची, नुसती बटणं टाचून द्यायची नाही. पेटीवाला वर्षभर कुरकुरला, मग त्याला सवय झाली. पुढे 'अगं'चं 'अहो' झालं, त्याचे केस गेले, तिला चष्मा लागला, आणि त्या दुकानातून जी जी माणसं मातीत गेली ती सगळी अंगभर कपड्यांनी गेली.

पुनरुत्थान तिच्या लेखी सकाळी उठण्यासारखं होतं. चर्चमध्ये त्यावर मोठमोठी प्रवचनं व्हायची, तीही मन लावून ऐकायची. पण घरी येताना तिच्या डोक्यात वेगळंच चालू असायचं. इतकी माणसं एकदम उठली की पहिल्यांदा काय करतील? काही जण चष्मा शोधतील. म्हाताऱ्या बायका केस बांधतील. आणि आपल्या शेजारच्या कबरीत कोण होतं हे कळल्यावर काही जण पुन्हा आडवे होतील. हे शेवटचं सुताराचं. असल्या गोष्टी बोलताना दोघांना वेळेचं भान राहायचं नाही.

सुतार अंगाने मजबूत होता, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. जन्मभर रंधा मारून तो तसा झाला होता. आणि त्याच्या पाठीत थंडी भरायची. मधल्या खोलीला दोन्हीकडून दारं, वारा आरपार जायचा. संध्याकाळी घरी आला की तो तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि ती तळवा ठेवायची, बरोबर दोन खांद्यांच्या मधे.

"एक कोट शिवून दे की मला," तो दर हिवाळ्यात म्हणायचा. "चांगला जाड. पाठीला दुहेरी अस्तर लावून."

"देते हो. हातातलं काम संपू दे."

"तुझं काम संपायचं म्हणजे लोकांनी मरायचं थांबायला हवं."

"त्यांना घाई असते. तुम्ही थांबाल."

हे 'तुम्ही थांबाल' तिला पुढे कित्येकदा आठवलं.

कोट तिने शेवटी बेतला तो साथीच्या वर्षी. गडद तपकिरी लोकरी कापड, पाठीला दुहेरी अस्तर. उजवा खांदा बोटभर उतरता कापला, म्हणजे घातल्यावर तिथे चुणी पडणार नाही. एक बाही लावली. दुसरी लावायची राहिली होती तेव्हा सुतार खोकायला लागला.

त्या वर्षी जे सगळीकडे झालं तेच तिच्या घरी झालं. त्याला गाडीतून नेलं आणि परत आणलं ते पिशवीत. जाड, राखी प्लॅस्टिकची पिशवी, लांब चेन. जवळ जायला मनाई, उघडायला मनाई. पेटीवाला तयार पेटी घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी उभा होता, तर पेटीलाही मनाई. सगळ्या गावाच्या पेट्या ज्याने केल्या त्याला चार फळ्या मिळाल्या नाहीत. ती, मुलगा आणि सून फाटकाबाहेर उभी राहिली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी दोरांनी पिशवी खाली सोडली. पाळकांनी लांबूनच प्रार्थना म्हटली, ती वाऱ्यावर गेली.

घरी येऊन तिने कोटाची दुसरी बाही लावली. बटणं लावली, काज केले. सून म्हणाली, "आई, आत्ता कशाला?" तर म्हणाली, "अर्धवट काम ठेवू नये." मग कोटावर चादरीची खोळ चढवून तो कपाटात टांगला.

त्यानंतर ती ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला जाईनाशी झाली. त्यांच्या मंडळीत ती उपासना कबरस्तानातच व्हायची. उजाडायच्या आधी सगळे कबरींमधून वाट काढत जमायचे, आणि सूर्य वर आला की पाळक मोठ्याने म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" मंडळी उत्तर द्यायची, "खरोखर उठला आहे!" लहानपणापासून तिने ती एकदाही चुकवली नव्हती. आता गुडघे दुखतात म्हणून सांगायची आणि नऊच्या उपासनेला चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायची.

खरं कारण तिने एकदाच पाळकांना बोलून दाखवलं होतं.

"साहेब, हे त्या पिशवीतून उठतील कसे? तिची चेन आतून उघडत नाही."

पाळक दाराशी माणसांचे हात हातात घेत उभे होते. त्यांनी तिचा हात सोडला नाही.

"प्रभूला कबरीच्या तोंडची एवढी मोठी धोंड अडली नाही, आजी. चेन काय अडणार?"

"ते पटलं. पण कपडे?"

"शुभ्र वस्त्रं मिळणार आहेत सगळ्यांना. तसं वचनच आहे."

"मापं कोणी घेतलीत?"

पाळक हसले, पण हसण्यावारी नेलं नाही. "ते मला माहीत नाही," म्हणाले. "मी विचार करतो त्यावर." तिला ते उत्तर आवडलं. समाधान मात्र झालं नाही. कारण प्रश्न स्वर्गातल्या वस्त्रांचा नव्हताच. तिथे पोचेपर्यंतचं काय? सकाळच्या गारव्यात, त्या ओल्या मातीतून, उघड्या पाठीने तो उठून बसणार. आणि अनोळखी माणसंसुद्धा आपल्या हातचे सदरे घालून अवतीभवती उभी असणार. तो म्हणणार, सगळ्यांचं झालं, माझंच तेवढं राहिलं.

म्हणून तिने ठरवून टाकलं होतं. आपण जाऊ तेव्हा कोट आपल्या पेटीत ठेवायचा. आपण घेऊन जाऊ. सुनेकडून तसं वचन घेतलं होतं. सून दवाखान्यात नोकरीला, तोंडाने फटकळ. तिने वचन देताना एवढंच म्हटलं, "ठेवीन. पण तुमच्या पेटीत तुम्ही मावाल का मग? कोट केवढा, तुम्ही केवढ्या."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी सुनेने कपाट आवरायला काढलं. शिवणबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. बराच वेळ खोलीतून काही आवाज आला नाही. एरवी सून काम करताना भांडी असोत, कपडे असोत, आदळआपट करणारच. मग ती दारात येऊन उभी राहिली. हातात कोट.

"आई, रागवू नका. कसर लागलीय."

शिवणबाईने हात पुसले आणि कोट खिडकीशी नेला. डांबराच्या गोळ्या ती दरवर्षी बदलायची. तरीही खोळीत शिरलीच होती कुठून तरी. पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, छिद्रं होती. उजेडाकडे धरल्यावर त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती.

"वापरलं नाही की लागतेच," सून म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी नीट बघायला हवं होतं."

"तुझी नाही गं चूक."

"रफू करता येईल ना? तुम्हाला काय अवघड आहे?"

"आज रफू करीन. पुढच्या वर्षी?"

 सुनेने चहा केला. 

शुक्रवारी तीन तासांची उपासना झाली. शिवणबाई क्रुसाकडे बघत बसली खरी, पण डोळ्यांपुढे छिद्रंच होती. संध्याकाळी तिने त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून धागे ओढून काढले आणि रफू करायला घेतलं. छिद्रं बुजली. बोट फिरवलं तर कळायचं, डोळ्यांना कळायचं नाही. तरी तिला आता घाई झाली होती. आपण अजून किती जगू याचा नेम नाही, आणि कसर काही आपल्यासाठी थांबणार नाही. कोट तिने पिशवीत भरला.

शनिवार हा मधला दिवस. चर्चमध्ये काहीच नसतं, फुलंही काढून ठेवलेली असतात. सकाळची कामं आटोपून ती निघाली.

"कुठे?" सुनेने विचारलं.

"कबरस्तानात."

"गुडघे?"

"बरोबरच नेते."

फाटकातून आत डाव्या हाताला नळ, नळाशी माळ्याची खोली. कबरस्तानाची फुलझाडं तोच बघायचा आणि खड्डेही तोच खणायचा. वयाने तिच्याच आसपासचा, एकटा, मितभाषी. इतक्या वर्षांत त्याचं आणि तिचं बोलणं 'पाणी आहे का नळाला' आणि 'आहे' यापुढे गेलं नव्हतं. उद्याच्या उपासनेसाठी तो वाटेवरची पानं लोटत होता. थंडीचे दिवस सरत आले होते, पण सकाळी अजून गारवा असायचा, आणि त्याच्या अंगात कोपरांवर विरलेला एक स्वेटर होता. हे तिने चालता चालता टिपलं. दुसऱ्याचे कपडे तपासायची खोड जात नाही.

"तुमच्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "आमच्या मिस्त्रींच्या कबरीवर हातभर खणून द्याल का? खोल नको. एक वस्तू ठेवायचीय."

माळ्याने झाडू झाडाला टेकवला. "कसली वस्तू?"

तिने कोट बाहेर काढला. त्याने हात पँटला पुसले, पण कोटाला हात लावला नाही. लांबूनच पाहिला.

"चांगला आहे. मातीत का घालताय?"

"त्यांचा आहे. तेव्हा देता आला नाही." आणि मग, ज्या माणसाशी कधी चार वाक्यं बोलली नव्हती त्याच्याशी ती भडाभडा बोलायला लागली. पिशवी, चेन, 'तुम्ही थांबाल', कसर, सगळं. "तुम्ही हसाल मला," ती शेवटी म्हणाली. "पण ते असे उघडे उठणार, हे मला बघवत नाही."

माळी हसला नाही. तो पायाने एक पान उगाच इकडेतिकडे करत होता.

"त्यांच्याकडे कोट आहे, बाई."

"काय?"

"मिस्त्रींकडे. कोट आहे."

"कुणाचा कोट?"

"माझा."

ती शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसली. एरवी दुसऱ्याच्या कबरीवर ती कधी बसली नसती.

"ते पांढरे कपडेवाले पिशवी खाली सोडून गेले," माळी म्हणाला. "त्यांना पुढे अजून जायचं होतं. माती मला एकट्यालाच लोटायची होती. पिशवीवर नंबर लिहिलेला. पण कोण आहे ते मला ठाऊक होतं ना. हे फावडं बघा. याचा दांडा मिस्त्रींनी बसवून दिलेला. माझा मोडला होता, ते पेटी पोचवायला आले होते, दुसऱ्या दिवशी येताना दांडा घेऊनच आले. तेव्हा इथे बसून चहा प्यायले आणि म्हणाले, पाठीत थंडी भरते हो माझ्या." त्याने दांड्यावरून हात फिरवला. "ते आठवलं. खड्ड्यात गारठा असतो. माणसावर अशी ढेकळं कशी टाकायची? म्हणून कोट काढला आणि पांघरला. पिशवीवर काही टाकायचं नाही असा हुकूम होता. म्हणून बोललो नाही कुणाला. आणि नंतर काय सांगायचं? जुना कोट."

शिवणबाईचे डोळे भरून आले होते, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"कापड कसलं होतं?"

"जाडंभरडं. खाकी."

"अस्तर?"

"होतं. काखेत फाटलेलं."

"पाठ धड होती?"

"पाठीला ठिगळ होतं."

"कुणी लावलेलं?"

"मीच."

"कसं?"

"जमलं तसं," माळी ओशाळून म्हणाला. "काळ्या दोऱ्याने."

"खाकीला काळा दोरा!" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग तिला एकदम आठवलं. "पण तुम्ही वरून पांघरलात. म्हणजे पाठ उघडीच राहिली की त्यांची."

माळ्याने यावर विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, खड्डा कुठे खणावा याचा विचार करावा तसा.

"उठतील तेव्हा घालतील की," तो म्हणाला. "हाताशीच आहे. हात आहेत त्यांना."

लोटून ठेवलेली पानं वाऱ्याने पुन्हा वाटेवर आली.  इतकी वर्षं शिवणबाईने सुताराला मनात उठलेला पाहिला होता तो नेहमी बसलेला, अवघडलेला, कुणीतरी येऊन अंगावर काही घालील म्हणून वाट बघणारा. मेलेल्यांना कपडे चढवावे लागतात, तसा. पण उठलेला माणूस मेलेला कुठे असतो? तो स्वतःच्या हाताने कोट उचलील, झटकील, आधी उजवी बाही घालील. तो नेहमी उजवीच आधी घालायचा. आणि ठिगळ बघून म्हणेल, हे आमच्या बाईच्या हातचं नाही.

ती उठली.

"त्या थंडीत तुम्ही काय घातलंत मग? आणि त्यानंतर?"

"आहे की स्वेटर."

"दिसतोय स्वेटर. उभे राहा सरळ."

"नको हो, बाई."

"हात मागे करा म्हणते ना."

"मेलेल्या माणसाचा कोट मी..."

"मेलेल्याने घातलाच नाही तो. कोरा आहे. रफू आहे पाठीला, ती दिसत असेल तर दाखवा."

माळ्याने हात मागे केले. आयुष्यभर तिने ज्यांच्या अंगावर कपडे बेतले ते हलत नव्हते, तक्रार करत नव्हते. हा माणूस श्वास घेत होता, लाजत होता, आणि मानेला बोट लागलं तर गुदगुल्या झाल्यासारखा आखडत होता. तिने कॉलर बसवली, पाठीवरून हात फिरवला आणि उजव्या खांद्याशी थांबली.

कोटाचा उजवा खांदा बोटभर उतरता होता. दुसऱ्या कुणाच्याही अंगावर तो लोंबला असता. इथे चपखल बसला होता.

"तुमचा खांदा उतरलाय," ती म्हणाली.

"फावड्याने," माळी म्हणाला. "ह्याच हाताने ओढतो मी."

दुसऱ्या दिवशी अंधार होता तेव्हाच ती तयार होऊन बसली. सून पेंगुळलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि सासूला चपला घातलेली बघून तिची झोपच उडाली. "आज नऊची नाही?" एवढंच विचारून ती केस बांधायला पळाली. मुलगा पहाटेच्या पाळीला बस घेऊन गेला होता. दोघीच चालत निघाल्या. रस्त्यात सुनेने तिचा दंड धरला, तो फाटक आलं तरी सोडला नाही.

मंडळी जमली होती. हातातल्या मेणबत्त्यांना वाऱ्यापासून जपत माणसं आपापल्या लोकांच्या कबरींजवळ उभी होती. शिवणबाई सुताराच्या कबरीशी गेली. कडेला माळ्याने कधीतरी लावलेली पिवळी फुलझाडं होती. तिने ती इतकी वर्षं पाहिली होती, कुणी लावली हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आणि मान वर केली तर नळाच्या बाजूला, धुरकट उजेडात, तो उभा होता. पाठमोरा. तोच कोट, तीच पाठ, उजव्या खांद्याची तीच मोड. तिने आपल्या हाताने तो कोट चढवला होता, सगळं तिला माहीत होतं. तरी तोंडातून "अहो" निघालंच. हळू, पण निघालं. तो वळला. माळी होता. त्याने मान लववली आणि बादली उचलून कडेला ठेवली.

पाळक वाचायला लागले. पहाटे अंधारातच मरीया प्रभूच्या कबरीकडे आली, धोंड सरकलेली, आत नुसती तागाची वस्त्रं. ती बाहेर रडत उभी राहिली. मागे वळली तर कोणी तरी उभं होतं, तो प्रभूच होता, पण तिला वाटलं, हा माळीच आहे.

शिवणबाई हसली. मोठ्याने, भर उपासनेत, कबरस्तानात. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. सुनेने दंड दाबला.

"आई! काय झालं?"

"अगं, ऐकलंस ना," ती कुजबुजली. "वस्त्रं आतच टाकून बाहेर आला तो. आणि माळ्यासारखा दिसत होता. कुणाचा तरी कोट मिळाला असणार."

"कुणाचा कोट? काय बोलताय तुम्ही?"

"घरी सांगते. हेही तसेच येणार आहेत. खाकी कोटात. आधी ओळखूच यायचे नाहीत मला." तिने नाक पुसलं. "मग वळतील, आणि खांद्यावरून ओळखेन."

सुनेला काही कळलं नाही. पण सासूचा चेहरा तिने पाहिला आणि दंड आणखी घट्ट धरला. पूर्वेकडच्या भिंतीवर ऊन आलं. पाळकांनी मान वर करून म्हटलं, "प्रभू उठला आहे!" उत्तर देणाऱ्यांत शिवणबाईचा आवाज सगळ्यात आधी आला, मंडळीच्या एक शब्द पुढे.

परतताना सुनेला सगळी हकीकत कळली. ती फटकळ बाई चौकातल्या खांबाला धरून रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे आता तुमच्या पेटीत काय ठेवायचं?"

"मला ठेवा. झालं."

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला यंत्रावर बसली. कोणा शिक्षकाचा जोड शिवायचा होता. पेटीवाला चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत आला. रविवारी पहाटे तोही तिथे होता, आणि कोट ओळखण्याइतकी नजर त्याला होती.

"माळ्याच्या अंगात चांगला बसलाय," तो म्हणाला.

"बसणारच."

"मग मिस्त्रीचं काय?"

"त्यांना आहे."

 पेटीवाल्याने टेबलावर पसरलेलं कापड बोटाने चाचपलं. "तुमचा तो घोर मिटला म्हणायचा तर. मग आता पाठीचं कापड वाचवायला हरकत नाही."

शिवणबाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

"पाठ होणार," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माळी भेटतो असं थोडंच आहे?"